राग, काळजी आणि राजकीय समज



आपल्या पुरोगामी मंडळींचं एक आवडतं वाक्य आहे. लोकांनी भावनेच्या आहारी न जाता, विचार करून मत द्यावं. संशोधन हाच पेशा असल्याने मलाही ते पटायला हवं. पण या विषयावरचा अभ्यास वाचल्यावर मला वेगळंच वाटू लागलं आहे. माणूस राजकारणाबद्दल काही नवं शिकतो, तेव्हा भावना बाजूला ठेवलेली नसते. प्रश्न एवढाच की ती भावना कोणती.

जॉर्ज मार्कस, रसेल न्यूमन आणि मायकल मॅकुएन या तिघांनी २००० साली एका पुस्तकात, अमेरिकन मतदारांच्या पाहण्यांच्या आधारे, एक मांडणी केली. एरवी आपण सवयीने मत देतो. पक्ष ठरलेला, घर ठरलेलं, मित्र ठरलेले. काहीतरी बिनसतंय अशी काळजी वाटली की सवयीची पकड सुटते आणि माणूस माहिती शोधू लागतो. रागाचं तसं नाही. रागावलेल्या माणसाला गुन्हेगार आधीच सापडलेला असतो, मग शोधायचं काय?

आपलंच पाहा. १९ सप्टेंबर २०२५ ला, शुक्रवारी, नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलर शुल्काचा अध्यक्षीय आदेश निघाला. कायदा आणि अध्यक्षांचा आदेश यांतला फरक ज्यांनी उभ्या आयुष्यात विचारला नव्हता, ते शनिवारी मूळ मजकूर ओळ न् ओळ वाचत होते. शुल्क ठरवायचा अधिकार काँग्रेसचा की अध्यक्षांचा, कोर्टात कोण जाऊ शकतं, सगळं दोन दिवसांत. आधीच्या व्हिसाधारकांना हे लागू नाही असा खुलासा शनिवारीच आला, काळजी ओसरली, आणि बऱ्याच जणांचं वाचनही तिथेच थांबलं.

आता याच मंडळींची भारताबद्दलची चर्चा आठवा. तिथे आपल्याला काळजी फारशी नसते, राग मात्र भरपूर. ५ जानेवारी २००४ ला पुण्यात भांडारकर संस्थेवर हल्ला झाला, पोथ्या-पुस्तकांची नासधूस झाली. जेम्स लेन यांच्या ज्या पुस्तकावरून हे झालं, ते प्रकाशकांनी भारतात आधीच, २००३ मध्ये, मागे घेतलं होतं. पुढे राज्य सरकारने त्यावर बंदी घातली. ‘भावना दुखावल्या’ हा शब्दप्रयोग तेव्हा दिवसाला दहा वेळा कानावर पडे. हल्लेखोरांचं सोडा. त्यांचा निषेध करणाऱ्या आपल्यापैकी तरी किती जणांना ठाऊक आहे की मुंबई उच्च न्यायालयाने २००७ मध्ये बंदी रद्द केली आणि २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला? तोवर आपला राग दुसऱ्या विषयाकडे गेला होता.

म्हणून काळजीला चांगलं आणि रागाला वाईट म्हणून मोकळं होता येत नाही. अन्यायाविरुद्ध माणसं रस्त्यावर येतात ती रागानेच. शिवाय काळजीचा शोध सरळ नसतो. बेथनी अल्बर्टसन आणि शाना गडारियन यांच्या एका प्रयोगाचा विषय स्थलांतर होता. ज्यांना स्थलांतराची काळजी वाटत होती त्यांनी माहिती शोधली खरी, पण त्यांचा ओढा धोक्याच्या बातम्यांकडे होता, आणि लक्षातही त्याच राहिल्या. (इथे धोका म्हणजे तुम्ही-आम्ही, हे ध्यानात असू द्या!)

मग करायचं काय? माझा भाचा पुण्याला असतो. आरक्षणाविरुद्धचे संतापलेले मेसेज तो मला पाठवायचा, आणि मी उलट आकडेवारी पाठवायचो. तो ती उघडतही नसे. एकदा फोनवर सहज विचारलं, “अरे, तुला नेमकी कसली काळजी वाटते?” थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “मामा, सरकारी कॉलेज नाही मिळालं तर बाबांना फी झेपणार नाही.” मग आम्ही फीबद्दलच बोललो. सरकारी इंजिनियरिंग कॉलेजात जागा किती, खाजगी कॉलेजांची फी कोण ठरवतं, सवलत कोणाला मिळते. मला यातलं निम्मंही सांगता आलं नाही.

आरक्षणाबद्दलचं त्याचं मत अजून तेच आहे. पण पुढच्या रविवारी फोन त्याने केला, आणि जागांचा तक्ता त्याच्यासमोर होता.