संगणकाला कामावर ठेवताना

‘संगणकावर चित्रकथा करायची आहे, तर कोणतं सॉफ्टवेअर घेऊ?’ हा प्रश्न मला वर्षातून वीस-पंचवीस वेळा तरी विचारला जातो. विचारणारे नाना तऱ्हेचे असतात. दहावीची परीक्षा संपवून आलेला मुलगा असतो, नातवंडांसाठी गोष्टी लिहिणाऱ्या आजी असतात, गावच्या इतिहासावर पुस्तक काढू पाहणारे मास्तर असतात. डॉक्टरांनी चिठ्ठीवर गोळीचं नाव लिहून द्यावं, तसं मी एक नाव सांगावं, अशी सगळ्यांची अपेक्षा असते. मी मात्र त्यांनाच उलट विचारतो, ‘तुमच्याकडे कोण नाही?’

या प्रश्नाचा अर्थ आधी सांगतो. १९६७ साली अनंत पै यांनी ‘अमर चित्रकथा’ सुरू केली आणि आपल्याकडच्या दोन-तीन पिढ्या त्या पुस्तकांवर वाढल्या. अशा पुस्तकाचं एक पान अनेक हातांतून जातं. एक जण गोष्ट लिहून ती चौकटींत वाटतो. दुसरा पेन्सिलनं आकृत्या काढतो. तिसरा त्यावर शाई फिरवतो. चौथा रंग भरतो. पाचवा फुग्यांमध्ये अक्षरं लिहितो. कधी एकच माणूस दोन कामं करतो, पण कामं पाचच. घरी एकट्यानं चित्रकथा करायला बसलेल्या माणसाला ही पाचही माणसं लागतात. त्यांतली दोन-तीन तो स्वतः असतो, उरलेल्यांच्या जागी संगणकाला कामावर ठेवायचं असतं. नोकर ठेवताना आधी काम ठरतं, मग माणूस बघतात. सॉफ्टवेअरचंही तसंच असावं.

अगदी पहिल्या प्रयोगातसुद्धा ही वाटणी दिसते. १९८५ साली अमेरिकेत ‘शॅटर’ नावाचं कॉमिक निघालं. लेखक पीटर गिलिस, चित्रकार माइक साएन्झ. साएन्झ यांनी चित्रं त्या वेळच्या छोट्या मॅकिंटॉशवर काढली. पडदा नऊ इंचांचा, काळा-पांढरा, त्यावर आडवे ५१२ आणि उभे ३४२ ठिपके. चित्राच्या कडा जिन्याच्या पायऱ्यांसारख्या दिसत. रंग मात्र जुन्याच पद्धतीनं हातानं दिले गेले. म्हणजे यंत्राला एक काम दिलं, दुसरं माणसाकडेच ठेवलं. पुढे १९९० साली पेपे मोरेनो यांचं ‘बॅटमॅन : डिजिटल जस्टिस’ आलं, त्यात रंगांसकट सगळं संगणकावर गेलं. आज ही पुस्तकं चाळली तर त्यांतलं तंत्र जुनं वाटतं, पण प्रश्न तोच आहे. कोणतं काम यंत्राचं आणि कोणतं आपलं?

आता एकेक उमेदवार पाहू.

पहिला प्रकार, ज्याला चित्र काढता येतं पण शाई आणि रंगांत फार वेळ जातो, त्याचा. त्यानं सरळ चित्रकलेचा प्रोग्रॅम घ्यावा. ‘क्रिता’ हा मोफत आणि मुक्त प्रोग्रॅम आहे. जपानच्या सेल्सिस कंपनीचा ‘क्लिप स्टुडिओ पेंट’ विकत घ्यावा लागतो, पण तो मुळात कॉमिकवाल्यांसाठीच घडवलेला आहे. चौकटी आखणं, फुगे काढणं, दूर जाणाऱ्या रस्त्याच्या रेषा एका बिंदूकडे वळवणं, यांची साधनं त्यात तयार असतात. थरथरणारी रेघ सावरून घेण्याची सोय दोन्हींत आहे. सोबत एक पेन-टॅब्लेट लागतो. सुरुवातीला बिनपडद्याचा, साधा पुरतो. हात एकीकडे आणि नजर दुसरीकडे ठेवायची सवय आठ-पंधरा दिवसांत होते. आणि पान पहिल्यापासून छपाईच्या मापाचं घ्यावं. ए-फोर पानासाठी इंचाला ३०० ठिपके धरले तर २४८० बाय ३५०८ असं माप येतं. नुसत्या काळ्या रेषेचं काम असेल तर इंचाला ६०० ठिपके बरे. लहान काढून मागाहून मोठं केलेलं चित्र छापल्यावर धुकट दिसतं.

दुसरा प्रकार, ज्याला गोष्ट सांगता येते पण आकृती काढता येत नाही, त्याचा. त्याच्यासाठी त्रिमिती बाहुल्यांचे प्रोग्रॅम आहेत. चित्रकारांच्या टेबलावर लाकडी सांध्यांची बाहुली असते ना, तिच्या जागी संगणकातली बाहुली असावी, या कल्पनेतून १९९५ साली लॅरी वाइनबर्ग यांचा ‘पोझर’ आला. त्याच वाटेवरचा ‘डॅझ स्टुडिओ’ मोफत मिळतो. मोफत आहे तो प्रोग्रॅम. पात्रं, केस, कपडे, खोल्या, हे सगळं दुकानातून विकत घ्यायचं. चहा फुकट आणि साखरेला पैसे, असा हा व्यवहार आहे. त्यात गैर काही नाही, फक्त हिशेब आधी करावा.

आपली खरी अडचण दुसरीच असते. त्या दुकानांत चिलखतं, जाकिटं आणि अंतराळातले पोशाख ढिगानं मिळतात. नऊवारीचा काष्टा, धोतराचा सोगा, डोक्यावरचा पदर हे सहज मिळत नाही, आणि स्वतः बनवायला जावं तर कापडाच्या चुण्या ही त्रिमितीतली सर्वांत अवघड गोष्ट. शिवाय या बाहुल्यांचे चेहरे एकाच साच्यातले वाटतात. हसू ओठांवर येतं, डोळ्यांत येत नाही. विज्ञानकथेतल्या यंत्रमानवाला ते चालून जातं. पण भाकऱ्या थापताना मुलीची वाट पाहणारी आई त्या चेहऱ्यात सापडत नाही.

म्हणून मी एक मधला मार्ग सुचवतो. माणसं हातानं काढा, मोडकीतोडकी का होईनात, आणि त्रिमितीला पार्श्वभूमीचं काम द्या. वाडा, शाळेचा व्हरांडा, एसटीचा स्टँड एकदा उभा केला की दहा कोनांतून दहा चौकटींत वापरता येतो. खिडकी या चौकटीत डावीकडे आणि पुढच्या चौकटीत उजवीकडे, असा घोटाळा होत नाही. यासाठी ‘ब्लेंडर’ उत्तम आहे. त्याची कहाणीही ऐकण्यासारखी आहे. २००२ साली त्यामागची कंपनी बंद पडली. तेव्हा टॉन रोझेंडाल यांनी लोकांना आवाहन केलं आणि सात आठवड्यांत एक लाख युरो जमवून प्रोग्रॅम सोडवून घेतला, तो सगळ्यांसाठी मुक्त केला. आज तो कोणालाही मोफत वापरता येतो. उभ्या केलेल्या वाड्याची नुसती रेषाचित्रं काढून देण्याची सोयही त्यात आहे. ती रेषा आपल्या हाताच्या रेषेशी बेमालूम जुळली नाही, तरी निदान भांडत नाही.

तिसरा उमेदवार २०२२ पासून दारात उभा आहे. वाक्य लिहा, चित्र घ्या. मिडजर्नी, स्टेबल डिफ्यूजन आणि त्यांची भावंडं. हा पाचांपैकी चौघांचं काम एकदम करतो म्हणतो, त्यामुळे मोह मोठा असतो. एकेक चित्र देखणं येतं, यात शंका नाही. पण चित्रकथा म्हणजे एकामागून एक येणाऱ्या चौकटी. पहिल्या चौकटीतली गंगू तिसऱ्या चौकटीतही गंगूच दिसली पाहिजे, तीच वेणी, तोच फाटका खिसा, तीच भुवई. तसं जमवण्याची साधनं दिवसेंदिवस सुधारत आहेत, तरी पानभर ते सांभाळायला बरीच खटपट लागते.

मालकीचाही मुद्दा आहे. अमेरिकेत ‘झार्या ऑफ द डॉन’ या कॉमिकमधली चित्रं मिडजर्नीवर केलेली होती. तिथल्या कॉपीराइट कार्यालयानं फेब्रुवारी २०२३ मध्ये निर्णय दिला, की मजकूर आणि चित्रांची निवड-मांडणी यांवर लेखिकेचा हक्क आहे, पण यंत्रानं तयार केलेल्या एकेका चित्रावर नाही. आपल्या १९५७ च्या कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीनं संगणकनिर्मित कृतीचा कर्ता म्हणजे ती घडवून आणणारी व्यक्ती, अशी व्याख्या घातली आहे. पण ती घातली तेव्हा असली यंत्रं नव्हती. म्हणून ज्याला आपलं पात्र वर्षानुवर्षं चालवायचं आहे, त्यानं निदान त्या पात्राचा चेहरा स्वतःच्या हातानं घडवावा. हा उमेदवार रंगांची जुळवाजुळव, प्रकाश कुठून यावा याचे नमुने, असल्या कच्च्या कामाला उपयोगी पडतो. त्या कामाला ठेवायला हरकत नाही.

आता पाचवा माणूस, अक्षरं लिहिणारा. त्याला सगळे विसरतात, आणि मराठी चित्रकथा नेमकी तिथेच अडखळते. परदेशी प्रोग्रॅमचे फुगे रोमन अक्षरांच्या हिशेबानं बेतलेले असतात. रोमन अक्षर आपल्या ओळीत बसतं. आपल्या अक्षराला वर वेलांटी, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, जोडाक्षराचा पाय. दोन ओळींत जागा जास्त लागते. शिवाय आपले प्रत्यय शब्दालाच चिकटतात. ‘दवाखान्यापर्यंतसुद्धा’ हा एकच शब्द आहे आणि तो अरुंद फुग्यात मावत नाही. ओरडण्यासाठी इंग्रजीत कॅपिटल अक्षरं वापरतात, आपल्याकडे ती नाहीत. आपल्याला ओरडायचं तर अक्षर जाड करावं लागतं. म्हणून फाँट बारीक ते जाड अशा अनेक वजनांत मिळणारा हवा. मुंबईच्या ‘एक टाइप’चा ‘मुक्त’ सात वजनांत मिळतो. त्यांचाच ‘बालू’ गोलसर आणि मुलांना आवडणारा आहे. इंडियन टाइप फाउंड्रीचा ‘कलम’ हस्ताक्षरासारखा दिसतो. तिन्ही मोफत आहेत आणि तिन्ही युनिकोडचे.

युनिकोड हा शब्द लक्षात ठेवा. जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये लिहिलेली फाइल, तो फाँट नसलेल्या संगणकावर उघडली, की अगम्य चिन्हांची रांगोळी दिसते. युनिकोडमधलं मराठी कुठेही मराठीच राहतं. तरीही प्रोग्रॅमला जोडाक्षरं जुळवता आली पाहिजेत. फोटोशॉपसारख्या प्रोग्रॅममध्येही कित्येक वर्षं वेलांटी अक्षराला सोडून भलतीकडे जात असे, मग भारतीय लिप्यांसाठी वेगळी सोय आली. मी एक छोटी परीक्षा घेतो. ‘कुऱ्हाड, दऱ्या, उद्ध्वस्त, ज्ञान, क्षत्रिय, ॲम्ब्युलन्स’ एवढे शब्द फुग्यात लिहायचे. नीट उमटले तर उमेदवार पास. नाहीतर चित्र त्या प्रोग्रॅममध्ये करावं आणि अक्षरं ‘इंकस्केप’सारख्या मोफत प्रोग्रॅममध्ये वरून बसवावीत. तिथे देवनागरी व्यवस्थित जुळते.

अक्षरं चित्रापासून वेगळी ठेवायची, याला आणखी एक कारण आहे. आमचं एक चाळीस पानी पुस्तक एका परदेशी कंपनीच्या प्रोग्रॅममध्ये केलेलं होतं. नाव घेत नाही. प्रोग्रॅम रीतसर विकत घेतलेला होता. पुढे कंपनी बंद पडली. नव्या संगणकावर प्रोग्रॅम सुरू करायला कंपनीच्या सर्व्हरची परवानगी लागे, आणि सर्व्हरच राहिला नव्हता. नेमकी त्याच वेळी प्रकाशकांनी हिंदी आवृत्ती काढायचं ठरवलं. छपाईसाठी दिलेली पीडीएफ तेवढी शाबूत होती, पण तिच्यात फुगे आणि चित्र एकजीव झालेले. दोनशेच्या वर फुगे पुसून, मागचे हात, झाडं, भिंती पुन्हा काढाव्या लागल्या. त्यात अख्खा पावसाळा गेला.

तेव्हापासून मी कोणत्याही प्रोग्रॅमला तीन प्रश्न विचारतो. इंटरनेट नसताना तू चालतोस का? पैसे भरणं थांबवलं तर माझीच फाइल मला उघडू देशील का? आणि लेयर शाबूत ठेवून, दुसऱ्या प्रोग्रॅमला समजेल अशी प्रत काढून देशील का? २०१३ मध्ये अ‍ॅडोबीनं आपले प्रोग्रॅम कायमचे विकणं सोडून वर्गणीची वाट धरली, तेव्हापासून दुसरा प्रश्न फार महत्त्वाचा झाला आहे. वर्गणी वाईट नाही, रोज पोट भरणाऱ्या व्यावसायिकाला ती परवडते. पण वर्षातून एक पुस्तक करणाऱ्या शिक्षकाला ते भाड्याचं घर ठरतं. तिथे भिंतीवर खिळा ठोकताना विचार करावा. आणि पुस्तक संपलं की सगळे संवाद पान आणि चौकटीच्या क्रमानं एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये वेगळे उतरवून ठेवावेत. ती फाइल पन्नास वर्षांनीही उघडेल.

एवढं सगळं ऐकून झाल्यावर लोक पुन्हा विचारतात, ‘म्हणजे घेऊ कोणतं?’ तर काहीही विकत घेण्यापूर्वी एक पान करून पाहा. बहुतेक प्रोग्रॅम मोफत तरी असतात, नाहीतर काही दिवस वापरून बघू देतात. पानावर सहा चौकटी. दोन माणसं, तीन चौकटींत तीच, वेगवेगळ्या कोनांतून. एक जण हसतो, एक रुसतो. एक बाहेरचं दृश्य, एक घराच्या आतलं. चार फुगे, त्यांत एक ओरडण्याचा. मग ते पान कागदावर छापून काढा आणि घरातल्या एखाद्या आठ-दहा वर्षांच्या मुलाच्या हातात द्या. काही सांगू नका, नुसतं बघत राहा. त्याची नजर एका चौकटीवरून दुसरीवर न अडखळता गेली, योग्य जागी त्याला हसू आलं, आणि शेवटी त्यानं ‘पुढे काय झालं?’ असं विचारलं, तर तुमची निवड बरोबर आहे, मग तो प्रोग्रॅम फुकटचा असो की महागातला. तो एखाद्या चौकटीपाशी थबकला, तर तिथे तुमच्या पाचांपैकी कोणाचं काम कच्चं राहिलं, ते कागदावरच दिसेल. नवा माणूस शोधायचा तो त्याच कामासाठी.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)