आडनावाचा अर्थ आणि माणसाचे मोल



इंग्रजी आडनावे रोज कानांवर पडतात. पण ते मुळात अर्थ असलेले शब्द आहेत, हे सहसा लक्षात येत नाही. स्मिथ म्हणजे लोहार, टेलर म्हणजे शिंपी, एवढे अनेकांना ठाऊक असते. फ्लेचर म्हणजे बाण करणारा, कूपर म्हणजे लाकडी पिंपे बांधणारा, वेनराइट म्हणजे गाड्या घडविणारा सुतार आणि थॅचर म्हणजे गवताने घर शाकारणारा, हे मात्र सांगावे लागते. 1066 मध्ये नॉर्मनांनी इंग्लंड जिंकले. त्यानंतरच्या तीन-चार शतकांत अशी नावे बापाकडून मुलाकडे जाऊ लागली. पुढे धंदे सुटले, शब्द राहिले.

या शब्दांत स्त्रियांचे श्रमही जपले गेले आहेत. ‘स्टर’ हा मूळचा स्त्रीवाचक प्रत्यय. वेब्स्टर म्हणजे विणणारी, बॅक्स्टर म्हणजे पाव भाजणारी. कालांतराने ही नावे पुरुषांनाही लागली. 1828 मध्ये अमेरिकन इंग्रजीचा मोठा कोश प्रसिद्ध करणारे नोआ वेब्स्टर विणकरणीचेच नाव लावीत होते. ‘स्पिन्स्टर’ म्हणजे मुळात सूत कातणारी. पुढे त्याचा अर्थ ‘अविवाहित स्त्री’ असा झाला. कामाचे नाव होते, ते उणिवेचे ठरले.

1979 मध्ये मार्गारेट थॅचर ब्रिटनच्या पंतप्रधान झाल्या. त्या किराणा दुकानदाराच्या कन्या, माहेरच्या रॉबर्ट्स. थॅचर हे पतीचे आडनाव. ते ऐकून आज कोणी छपराचा विचार करीत नाही.

आपल्याकडे अजून तसे झालेले नाही. कुलकर्णी, पाटील, सुतार, कुंभार ही नावेही कामांचीच; परंतु ती कानी पडताच ऐकणारा जातीचा अंदाज बांधू लागतो. भाड्याचे घर शोधताना किंवा सोयरीक जुळविताना त्या अंदाजाची किंमत कोणाला तरी मोजावी लागते.

महाराष्ट्राबाहेर वाढणाऱ्या मराठी मुलाला आडनावाचा अर्थ विचारणारे पुष्कळ भेटतात. कुलकर्णी गावाचा हिशेब लिहीत, ‘कर’ हा प्रत्यय बहुधा पूर्वजांचे गाव सांगतो, हे त्याला सांगता आले पाहिजे. ते भाषेचे ज्ञान आहे आणि मराठी शाळेनेच ते द्यावयाचे आहे. मात्र त्याच शब्दावरून समोरच्या माणसाचे मोल ठरवू नये, हा धडाही त्याच वर्गात मिळावा. हीरकमहोत्सव साजरा करणाऱ्या शाळेकडून आणि तिच्या पालकांकडून एवढी अपेक्षा ठेवणे रास्त आहे.