दहा अँपिअरचा धडा

आयटीआयमध्ये मी पंचवीस वर्षं वायरमनचा विषय शिकवला. पहिल्या महिन्यातच मुलांना फळ्यावर लिहून द्यायचो : भार किती, त्यावर तार किती जाड, आणि तारेवर फ्यूज कितीचा. या तीन गोष्टींचा मेळ बसला नाही, तर काम कितीही देखणं दिसलं तरी ते काम नव्हे. आज जी गोष्ट सांगायची आहे, ती त्याच मास्तरानं स्वतःच्या गाडीत हा मेळ कसा चुकवला, याची आहे.

मी हौशी रेडिओवाला आहे. आमच्या मंडळींना जगभर 'हॅम' म्हणतात. केंद्र सरकारच्या दूरसंचार खात्याची परीक्षा द्यायची, परवाना आणि स्वतःचं सांकेतिक नाव मिळवायचं आणि ठरवून दिलेल्या लहरींवर दुसऱ्या परवानाधारकांशी बोलायचं, असा हा छंद. वयाची बारा वर्षं पूर्ण झालेल्या मुलामुलींनाही ही परीक्षा देता येते. माजी पंतप्रधान राजीव गांधी हेही हॅम होते. यात धंदा करता येत नाही, गाणी वाजवता येत नाहीत. पण तारा तुटतात, टॉवर आडवे होतात, तेव्हा हा छंद उपयोगी पडतो. किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपात आणि भूजच्या २००१ च्या भूकंपात हॅम मंडळींनी निरोपांची ने-आण केली. २००४ च्या डिसेंबरात भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी अंदमानात हौशी प्रसारणासाठीच गेले होते. २६ तारखेला त्सुनामी आली आणि पोर्ट ब्लेअरहून त्यांचा छंद हीच बाहेरच्या जगाशी बोलायची वाट झाली.

घरात केंद्र असलं की पुढची इच्छा असते ती गाडीत सेट बसवायची. माझी ती २०१६ साली पुरी झाली. ५० वॅटचा छोटा सेट घेतला. छपरावर लोहचुंबकाच्या बुडाचा अँटेना ठेवला आणि वीज घेतली ती सिगारेट पेटवायच्या भोकातून, म्हणजे आपण जिथं मोबाइलचा चार्जर खुपसतो तिथून. दहा मिनिटांत काम झालं. साताऱ्यातल्या साताऱ्यात कमी शक्तीवर, १० वॅटवर, बोलून पाहिलं. नाना म्हणाले, "मास्तर, आवाज खणखणीत आहे." मी खूष.

त्याच पावसाळ्यात एका रविवारी सौभाग्यवतींना घेऊन महाबळेश्वरहून पोलादपूरच्या दिशेनं आंबेनळी घाट उतरत होतो. धुकं, पाऊस. एका वळणावर मोटरसायकल आडवी पडलेली आणि कडेच्या गटारात विशीतला एक मुलगा. पाय गुडघ्याखाली भलत्याच दिशेला वळलेला. त्याचा जोडीदार हातातला मोबाइल उंच धरून रस्त्यावर नुसता फिरत होता, कारण तिथं कुणाच्याच मोबाइलला रेंज नव्हती. मी त्याला म्हणालो, "थांब, माझ्याकडे रेडिओ आहे." हे वाक्य मी किती ऐटीत म्हटलं, ते मला आजही ऐकू येतं.

डोंगरावरच्या रिपीटरला हाक मारली. रिपीटर म्हणजे उंचावर ठेवलेलं असं यंत्र, की जे आपला अशक्त आवाज पकडून जोरात पुढं पाठवतं. १० वॅटवर तो उघडेना. म्हणून शक्ती पूर्ण ५० वॅटवर नेली, माइकचं बटण दाबलं, आणि सेट विझला. दिवा नाही, आवाज नाही. बायको विचारत होती, "अहो, लागतंय का?" मी बटणं दाबत होतो.

काय झालं होतं, ते मला त्याच क्षणी कळलं, हे जास्त वाईट. त्या भोकाचा फ्यूज १० अँपिअरचा होता. सेट १० वॅटवर असताना चार-पाच अँपिअर घेतो, पण ५० वॅटवर अकरा-बारा घेतो. फ्यूजनं आपलं काम चोख केलं होतं. काम चुकवलं होतं ते मास्तरानं. जादा फ्यूज जवळ नव्हता. हातातला छोटा सेट घरी चार्जिंगला लावलेला. गाडीतला एखादा दुसरा फ्यूज काढून तिथं बसवता आला असता, हे मला घरी परतल्यावर सुचलं. शेवटी वर जाणाऱ्या टेम्पोवाल्याबरोबर निरोप धाडला. रेंज मिळाल्यावर त्यानं १०८ ला फोन केला, आणि रुग्णवाहिका आली. यात पाऊण तास जादा गेला. तो पाऊण तास मुलगा पावसात कण्हत होता आणि आम्ही त्याच्यावर छत्री धरून उभे होतो.

मुलगा वाचला. पायात सळई घालावी लागली. पुढं त्याची आई मला शोधत घरी आली, पेढे घेऊन. "तुम्ही थांबलात म्हणून माझं लेकरू हाती लागलं," म्हणाली. मला मान वर करता येईना. तिला फ्यूजचं सांगावं असं फार वाटलं, पण सांगितलं नाही. ते आज सांगतो आहे.

आता, गाडीत सेट बसवायचा तर काय करावं, ते क्रमानं सांगतो.

पहिला प्रश्न सेट कुठला घ्यावा हा नाही. पहिला प्रश्न आहे, बोलायचं कुणाशी? गावातल्या आणि आसपासच्या मंडळींशी, रिपीटरच्या मदतीनं बोलायचं असेल, तर १४४ ते १४६ मेगाहर्ट्झचा, म्हणजे दोन मीटर लहरींचा सेट पुरे. नव्या माणसानं इथूनच सुरुवात करावी. या लहरी साधारण सरळ रेषेत जातात. मध्ये डोंगर आला की अडतात, म्हणून तर रिपीटर डोंगरमाथ्यावर ठेवतात. दिल्लीशी, केरळशी थेट बोलायचं असेल, तर सात किंवा चौदा मेगाहर्ट्झच्या लघुलहरी लागतात. तो सेट १०० वॅटवर वीस-बावीस अँपिअर खेचतो, अँटेना मोठा लागतो, आणि सगळंच काम अवघड होतं. आणखी एक : तोंडाची पट्टी वेगळी काढता येईल असा सेट घ्यावा. पट्टी समोर डोळ्यांपुढं राहते आणि धड सीटखाली जातं. मात्र धड गरम होतं. ते चादरीत, पिशव्यांत गाडू नये, त्याला वारा लागला पाहिजे.

दुसरी गोष्ट विजेची. वीज थेट बॅटरीपासून, स्वतंत्र जाड तारेनं आणावी. का, ते आकड्यांत पाहू. बॅटरीपासून सेटपर्यंत चार मीटर अंतर धरलं, तर जाऊन-येऊन आठ मीटर तार झाली. घरातल्या दिव्यांना वापरतात ती दीड चौरस मिलिमीटरची तार घातली, तर बारा अँपिअरला वाटेतच एक व्होल्टहून थोडं जास्त खर्च होतं, आणि बावीस अँपिअरला दोन व्होल्ट. इंजिन चालू असताना पुरवठा १३.८ व्होल्टच्या आसपास असतो. त्यातून दोन गेले की ११.८ उरतात, आणि ११.७ च्या खाली बहुतेक सेट नीट चालत नाहीत. सहा चौरस मिलिमीटरची तार घातली, तर हीच गळती चौथ्या हिश्शावर येते. तारेत वाचवलेले पैसे नेमके गरजेच्या वेळी आवाजातून वसूल होतात.

फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ, वीतभर अंतरात हवा, सेटजवळ नव्हे. कारण फ्यूज सेटचं रक्षण करायला नसतो, तारेचं करायला असतो. बॅटरीपासून सेटपर्यंतच्या वाटेत तार कुठं घासून सोलली आणि गाडीच्या पत्र्याला टेकली, तर बॅटरी शेकडो अँपिअर ओतू शकते. मध्ये फ्यूज नसेल तर तार लाल होते आणि गाडी पेटते. म्हणून इंजिनच्या बाजूनं आत येताना, पत्र्याच्या भोकात रबरी कडं बसवल्याशिवाय तार ओढू नये. आणि नव्या गाड्यांच्या मालकांना एक सूचना : अनेक नव्या गाड्यांत बॅटरीच्या ऋण टोकावर विजेचा हिशेब ठेवणारं एक यंत्र असतं. सेटची काळी तार थेट त्या टोकाला जोडली, तर हिशेब चुकतो. ती बॅटरीजवळ जिथं गाडीच्या सांगाड्याला जोड दिलेली असते, तिथं जोडावी.

तिसरी गोष्ट अँटेनाची. खरं सांगायचं तर सेटपेक्षा अँटेना महत्त्वाचा. १४५ मेगाहर्ट्झची लहर दोन मीटरहून किंचित लांब. तिचा चौथा हिस्सा म्हणजे साधारण अर्धा मीटर, एवढी कांब पुरते. पण कांब हा अर्धाच अँटेना. उरलेला अर्धा म्हणजे तिच्याखालचा पत्रा. म्हणून सगळ्यात उत्तम जागा छपराच्या मधोमध. बंपरवर किंवा बॉनेटच्या कोपऱ्यात बसवली, की एका बाजूला आवाज नीट जातो आणि दुसऱ्या बाजूला पडतो. भोक पाडायला मन होत नसेल, तर चुंबक चालतो, पण छप्पर लोखंडी हवं. ॲल्युमिनियमवर किंवा फायबरवर तो धरत नाही. चुंबक ठेवण्यापूर्वी छप्पर पुसावं, नाहीतर खालच्या मातीनं रंग खरवडतो. अँटेनाची केबल दारात चिमटू देऊ नये. आत घेताना तिला खाली झुकता एक वळसा द्यावा, म्हणजे पावसाचं पाणी वळशावरून टपकून जातं, केबलवरून ओघळत आत येत नाही.

आता, सात मेगाहर्ट्झला हाच चौथा हिस्सा साडेदहा मीटर होतो. तो गाडीवर उभा करता येत नाही, म्हणून कांबीत गुंडाळी घालून तिची लांबी भरून काढतात. चालतं, पण बरीचशी शक्ती गुंडाळीत आणि पत्र्यात उष्णता होऊन जाते.

सगळं बसवल्यावर परतीच्या शक्तीचं मीटर लावून पाहावं. आम्ही त्याला एसडब्ल्यूआर म्हणतो. आकडा दीड असेल, तर शंभरातले चार वॅट परत येतात, ठीक आहे. तीन आला, तर पंचवीस परत येतात. मग कांबीची लांबी थोडी थोडी बदलून आकडा खाली आणायचा.

चौथी गोष्ट जिवाची. सेट, पट्टी किंवा माइकचा आकडा एअरबॅग उघडते त्या जागी कदापि बसवू नये. माइकची दोरी गिअरमध्ये आणि स्टिअरिंगमध्ये अडकता कामा नये. भोक पाडण्यापूर्वी पत्र्याच्या मागं इंधनाची नळी आहे की तारांचा जुडगा आहे, हे पाहावं. आणि बोलायचं असेल, तर गाडी बाजूला घ्यावी. घाटात एक हात माइकवर ठेवून वळण घेणारा माणूस मदत करायला निघालेला नसतो, मदत लागायच्या वाटेवर असतो. परवान्याची प्रत गाडीत ठेवावी, आणि गाडीतून केंद्र चालवण्याबद्दल परवान्यात काय अटी आहेत त्या सेट घेण्याआधी वाचाव्यात.

शेवटची गोष्ट, जी मी केली नव्हती. चाचणी पूर्ण भारावर घ्यावी. इंजिन चालू, दिवे चालू, वायपर चालू, शक्ती पूर्ण, आणि सलग मिनिटभर बोलणं. मग तारा आणि फ्यूजचं घर हात लावून पाहायचं, कुठं गरम लागतंय का. त्याच वेळी ऐकायचं. इंजिनच्या वेगाबरोबर चढणारी शिट्टी आली, तर ती अल्टरनेटरची. दुसरी खरखर असेल, तर एकेक वस्तू बंद करून पाहावी. हल्ली बहुधा मोबाइलचा चार्जर नाहीतर काचेवरचा कॅमेरा चोर निघतो.

माझी गाडी पुन्हा बसवली ती माझ्याच एका जुन्या विद्यार्थ्यानं. त्याचं आता गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे. जुनी जोडणी बघून तो काही बोलला नाही. फक्त तार हातात घेऊन म्हणाला, "सर, भार किती धरू?" मी म्हणालो, "पूर्ण."

२०१८ च्या पावसाळ्यात कुंभार्ली घाटात झाड पडून रस्ता बंद झाला. मागं अडकलेल्या एका गाडीत बाळंतपणाला निघालेली बाई होती. रेंज नव्हतीच. मी गाडी कडेला घेतली, ५० वॅटवर हाक मारली. नानांनी घरून उत्तर दिलं आणि पोलिसांना फोन केला. या सगळ्याला चार मिनिटं लागली. कुणी पेढे आणले नाहीत, माझं नावही कुणाला ठाऊक नाही. मी मात्र त्या दिवशी घरी आल्यावर बॉनेट उघडलं आणि फ्यूजच्या घराला हात लावून पाहिला. गार होतं.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)