टॉवरवरून उतरलेला ऑसिलेटर आणि छतावरची छत्री

आजचा भाग थोडा तांत्रिक आहे, पण हेडफोन काढू नका. विषय आहे जुने, वापरून काढलेले प्रिसिजन क्रिस्टल ऑसिलेटर आणि हौशी रेडिओत, म्हणजे हॅम रेडिओत, त्यांचा उपयोग. उदाहरण घेऊ आपल्या शिरपूर जैनचं. गाव वाशिम जिल्ह्यातलं, छत टिनाचं, ऊन विदर्भाचं आणि लाईटचा भरवसा नाही. या परिस्थितीत हा खर्च करावा की नाही, हा आजचा खरा प्रश्न.

आधी ऐकायचं काय ते सांगतो. १५ नोव्हेंबर २०१८ ला फाल्कन ९ रॉकेटवरून कतारचा एस्हेल-२ हा उपग्रह सुटला. टीव्हीचाच उपग्रह, पण त्यात हॅम मंडळींसाठी वेगळा ट्रान्सपाँडर बसवलाय. त्याला क्यूओ-१०० म्हणतात आणि तो फेब्रुवारी २०१९ मध्ये सर्वांसाठी खुला झाला. हा भूस्थिर कक्षेतला हॅम रेडिओचा पहिला ट्रान्सपाँडर. म्हणजे इतर छोट्या उपग्रहांसारखा तो दहा-पंधरा मिनिटांत मावळत नाही, चोवीस तास एकाच जागी असतो. ब्राझील, आफ्रिका, युरोप आणि भारत, सगळे त्याच्या टप्प्यात येतात.

त्याची जागा साधारण २६ अंश पूर्व रेखांशावर. शिरपूरसाठी हिशोब केला तर तो पश्चिमेला, किंचित दक्षिणेकडे झुकून, क्षितिजापासून सुमारे २८ अंश वर येतो. अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या गावात राहणाऱ्याला एखादी गोष्ट अधांतरी राहते हे वेगळं समजवायला नको! म्हणजे पश्चिमेला झाड किंवा दुमजली घर आड नसेल, तर छतावर पडून असलेली डिश टीव्हीची छत्री तिकडे वळवायची. एलएनबीला १३ व्होल्ट द्यायचे, कारण सिग्नल उभ्या ध्रुवणाचा आहे. खाली आरटीएल-एसडीआर डाँगल आणि लॅपटॉप. झाला रिसीव्हर.

आता अडचण कुठे येते बघा. उपग्रहाचा अरुंद पट्टा १०४८९.५ ते १०४९० मेगाहर्ट्झचा, म्हणजे फक्त ५०० किलोहर्ट्झ. एलएनबी ही फ्रिक्वेन्सी खाली आणते. त्यासाठी तिच्या पोटात २५ मेगाहर्ट्झचा एक छोटा क्रिस्टल असतो, त्याला ३९० ने गुणून ९७५० मेगाहर्ट्झ तयार होतात. वजाबाकी केली की साधारण ७४० मेगाहर्ट्झ उरतात आणि ते डाँगलला ऐकू येतात.

पण गुणाकार चुकीचाही होतो. क्रिस्टल दहा लाखांत एक भाग इतका जरी सरकला, तरी ९७५० मेगाहर्ट्झवर ती चूक पावणेदहा किलोहर्ट्झ होते. माणसाचा आवाज एसएसबीमध्ये पावणेतीन किलोहर्ट्झसुद्धा घेत नाही. म्हणजे ज्याचं बोलणं ऐकत होतात तो गेला, त्याच्या शेजारचा गेला, त्याच्या शेजारचाही गेला. आणि स्वस्त क्रिस्टल दहा लाखांत एक नाही, वीस-तीस भागसुद्धा सरकू शकतो. टीव्हीला फरक पडत नाही, त्याचे चॅनेल कितीतरी मेगाहर्ट्झ रुंद असतात. आपल्याला मात्र सगळाच फरक पडतो.

सरकतो कशाने? मुख्यतः तापमानाने. मे महिन्यात आपल्याकडे सावलीत ४३-४४ अंश. एलएनबी तर भर उन्हात टांगलेली, पहाटे गार आणि दुपारी हात लावता येणार नाही इतकी तापलेली. ढग आला की सूर बदलला. हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात तर दोन वेगळ्या एलएनबी वाटाव्यात.

यावरचा जुना आणि देखणा उपाय म्हणजे ओसीएक्सओ, अर्थात भट्टीत ठेवलेला क्रिस्टल. बाहेरचं तापमान आपल्या हातात नाही ना? मग क्रिस्टलला एका बंद धातूच्या डबीत ठेवा आणि डबीच कायम ७५-८५ अंशांवर तापवून ठेवा. बाहेर २० अंश असो की ४५, आत ऋतू एकच. शिवाय क्रिस्टल अशा कोनात कापलेला असतो की नेमक्या त्या तापमानाजवळ त्याची फ्रिक्वेन्सी जवळजवळ बदलतच नाही. चांगला ओसीएक्सओ स्थिरावल्यावर दिवसभरात अब्जात एखाद-दोन भाग इतकाच हलतो. अब्जात एक म्हणजे घड्याळ सुमारे ३२ वर्षांत एक सेकंद चुकणं. आपल्या एलएनबीवर ती चूक होते फक्त दहा हर्ट्झ.

नवा घेतला तर महाग. मग जुने येतात कुठून? मोबाईल टॉवरमधून. २००३ मध्ये रिलायन्सने ५०१ रुपयांत फोनची योजना काढली होती, घरी आई-बाबांना विचारा. ते सीडीएमए तंत्रज्ञान होतं. त्यात शेजारशेजारचे टॉवर एकच फ्रिक्वेन्सी वापरतात आणि एकाच कोडच्या वेगवेगळ्या वेळेवरून ओळखले जातात. म्हणजे प्रत्येक टॉवरला अचूक वेळ हवी. ती जीपीएसवरून मिळायची, आणि जीपीएस गेलं तर वेळ धरून ठेवायला ओसीएक्सओ. जगभर ही यंत्रणा बंद होत गेली, कार्ड भंगारात गेली आणि त्यांवरच्या डब्या काढून विकल्या जाऊ लागल्या. मोरियनची एमव्ही८९ए ही १२ व्होल्टची, दुहेरी भट्टीची डबी हॅम लोकांत प्रसिद्ध आहे. ५ व्होल्टवर चालणारी ओएससी५ए२बी०२ ही छोटी डबीही खूप दिसते. दोन्ही १० मेगाहर्ट्झच्या.

इथे एक गंमत आहे. इलेक्ट्रॉनिक्समध्ये जुना माल म्हणजे कमअस्सल असं आपण धरतो. क्रिस्टलचं उलट आहे. नवा क्रिस्टल सुरुवातीच्या महिन्यांत जास्त सरकतो, मग त्याचं वय वाढेल तसा शांत होत जातो. दहा वर्षं टॉवरवर तापलेला क्रिस्टल मुरलेल्या लोणच्यासारखा असतो. फक्त कार्डावरून काढताना लागलेली उष्णता, धक्के आणि गोदामात थंड पडून राहणं यामुळे तो बिघडल्यासारखा वागतो. घरी आणल्यावर त्याला एक-दोन आठवडे सलग चालू ठेवा, मगच निकाल द्या.

आता तपासणी. महागडं यंत्र नसलं तरी तीन गोष्टी करता येतात.

पहिली, करंट. पिनांची माहिती पक्की करून, अंदाजाने अजिबात नाही, योग्य व्होल्टेज द्या आणि मल्टिमीटर बघा. सुरुवातीला करंट जास्त दिसेल आणि काही मिनिटांत निम्म्याहून खाली येईल. आला, तर भट्टी जिवंत आहे. कमी होतच नसेल किंवा वाढलाच नसेल, तर डबी परत करा.

दुसरी, मोजणी. जीपीएस मॉड्यूल दर सेकंदाला एक ठोका देतं. मायक्रोकंट्रोलरने शंभर ठोक्यांच्या काळात ऑसिलेटरचे ठोके मोजा. बरोबर १०० कोटी यायला हवेत. एक कमी किंवा जास्त म्हणजे अब्जात एक भाग चूक. पन्नास ओळींचा कोड आहे, कॉलेजच्या पोरांनी जरूर करून बघावा.

तिसरी, समायोजनाची पिन. तिच्यावरचा व्होल्टेज बदलून फ्रिक्वेन्सी किंचित वर-खाली करता येते. ती पार टोकाला नेल्यावरच १० मेगाहर्ट्झ जुळत असतील, तर डबीचं आयुष्य संपत आलंय. कदाचित म्हणूनच ती भंगारात आली.

एवढं झाल्यावरही दोन कामं उरतात. १० चे २५ मेगाहर्ट्झ करायला पीएलएल लागतो, आणि तो खडबडीत असेल तर त्याचा खडबडीतपणाही ३९० ने गुणला जातो. म्हणजे जवळपास ५२ डेसिबलची वाढ. फ्रिक्वेन्सी स्थिर, पण आवाज घोगरा! दुसरं, एलएनबी उघडून तिचा क्रिस्टल काढायचा आणि बाहेरून सिग्नल द्यायचा. जुळी एलएनबी असेल तर दुसरी केबल यासाठी वापरतात.

आणि आपली लाईट. भट्टी थंड झाली की पुन्हा स्थिर व्हायला तास लागतात. गरम झाल्यावर डबी दोन-तीन वॅट घेते, म्हणजे १२ व्होल्टची ७ एएच बॅटरी तिला रात्रभर सहज सांभाळेल. बॅटरीशिवाय ओसीएक्सओ घेणं म्हणजे दर लोडशेडिंगला शून्यापासून सुरुवात. डबी खोलीत ठेवा, टिनाच्या डब्यात उन्हात नको. बाहेरचं तापमान भट्टीच्या जवळ गेलं तर तिला नियंत्रण करायला जागाच उरत नाही.

मग घ्यावा की नाही? मी सॉफ्टवेअरवाला, म्हणून माझं उत्तर पायरीपायरीने. क्यूओ-१०० वरून बीकनही येतात. मधला बीकन बरोबर १०४८९.७५० मेगाहर्ट्झवर आहे. तो कुठे दिसतो त्यावरून सॉफ्टवेअर चूक मोजतं आणि बाकी सगळं तेवढं सरकवतं. फक्त ऐकायचं असेल तर बहुतेकांना हे पुरतं, आणि ते फुकट आहे. ढग येता-जाता बीकन निसटत असेल, तर एलएनबीत चांगला टीसीएक्सओ बसवा. ओसीएक्सओ त्याच्या पुढची पायरी. ज्याला मोजमाप करायचंय, अगदी मंद सिग्नल तासन्‌तास टिपायचेत किंवा पुढे स्वतः प्रसारण करायचंय, त्याने ती चढावी. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटीच्या ४५ मीटरच्या ३० छत्र्या एकत्र ऐकतात, त्यांनाही आधी सगळ्यांसाठी एकच लय लागते. तत्त्व तेच आहे.

प्रसारणासाठी परवाना हवाच. दूरसंचार विभागाची एएसओसी परीक्षा वयाच्या १२ वर्षांपासून देता येते. कोणत्या फ्रिक्वेन्सीवर बोलायची मुभा आहे ते परवान्यात नीट वाचा.

तोपर्यंत गृहपाठ: छत्री वळवा, बीकन शोधा आणि आठवडाभर दर तासाला तो किती सरकला ते वहीत लिहा, शेजारी तापमानही. आठवड्याने ती वहीच सांगेल तुम्हाला डबी लागणार की नाही. तुमचे आकडे मला पाठवा, पुढच्या भागात आपण ते एकत्र बघू. भेटू. सेव्हन्टी थ्री.