परदेशी मालकाचा पगार आणि अमेरिकेतील कर-विवरणपत्र
(वार्षिक मेळाव्यात मंडळाच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



धम्माच्या व्यासपीठावर टॅक्सचा विषय कशाला, असे काहींना वाटेल. परंतु परमपूज्य बाबासाहेब जुलै १९१३ मध्ये न्यूयॉर्कला उतरले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, घटनादुरुस्तीनंतरचा पहिला आयकर कायदा अमेरिकेत झाला. कोलंबिया विद्यापीठातील त्यांचे गुरू प्रा. एडविन सेलिग्मन हे आयकराचे नामवंत अभ्यासक होते. प्रांतिक वित्तव्यवस्थेवरील बाबासाहेबांच्या १९२५ च्या ग्रंथाला प्रस्तावनाही त्यांचीच आहे. तेव्हा हा विषय आपल्याला परका नाही.

आपले कित्येक बांधव अमेरिकेत राहून पुण्या-नागपूरच्या कंपनीचा पगार घेतात. काही जण वर्षाच्या मध्यावर भारतातली नोकरी सोडून येतात. काही जण अमेरिकेचे नागरिक होऊन पुन्हा भारतात नोकरीला जातात. या सर्वांच्या तोंडी एकच प्रश्न असतो : "मालकाने डब्ल्यू-२ दिला नाही, कर तिकडेच कापला गेला, मग इथे दाखवायचे कारण काय?"

कारण असे की, अमेरिकेचा नागरिक, ग्रीन कार्डधारक आणि ठराविक दिवसांच्या वास्तव्यामुळे करापुरता निवासी ठरलेला माणूस, या तिघांनाही जगभरातील उत्पन्न फॉर्म १०४० वर दाखवावे लागते. डब्ल्यू-२ हा केवळ एक कागद आहे. तो नाही म्हणून उत्पन्न नाहीसे होत नाही.

आता हिशेब कसा मांडावा ते पाहू. अमेरिकेचे करवर्ष जानेवारी ते डिसेंबर, भारताचे एप्रिल ते मार्च. म्हणून ज्याला आपण वर्षानुवर्षे फॉर्म १६ म्हणत आलो, त्यावरचा आकडा जसाच्या तसा उतरवून चालत नाही. बारा महिन्यांच्या पगारपावत्या काढून बेरीज करावी. बेरीज एकूण पगाराची करावी. कापलेला कर आणि प्रॉव्हिडंट फंडातील आपली वर्गणी त्यातून वजा करू नये. मग त्या वर्षाच्या सरासरी दराने रुपयांचे डॉलर करावेत. असे दर अमेरिकेचे आयकर खाते दरवर्षी प्रसिद्ध करते.

दुहेरी कराची भीती पुष्कळांना वाटते. भारतात राहून केलेल्या कामाच्या पगारावर भारतात भरलेल्या कराची सवलत फॉर्म १११६ वर मागता येते. जो भारतातच स्थायिक होऊन काम करतो आणि सलग १२ महिन्यांत ३३० पूर्ण दिवस अमेरिकेबाहेर असतो, त्याला फॉर्म २५५५ वर पगार वगळता येतो. २०२५ या करवर्षासाठी ही मर्यादा १,३०,००० डॉलर आहे. मात्र विवरणपत्र भरून ती मागावी लागते, आपोआप मिळत नाही.

न्यू जर्सीत बसून पुण्याच्या कंपनीचे काम करणाऱ्याची गोष्ट वेगळी. काम जिथे होते तिथले ते उत्पन्न, असा नियम आहे. हा पगार अमेरिकेतलाच ठरतो, म्हणून तो वगळता येत नाही आणि भारतात कापलेल्या कराची सवलतही सहजासहजी मिळत नाही. तो कर भारतातच विवरणपत्र भरून परत मिळतो का ते पाहावे. शिवाय मालक इथला कर कापत नसल्याने एप्रिल, जून, सप्टेंबर आणि जानेवारी असे चार हप्ते आपणच भरावे लागतात.

नव्याने आलेल्यांनी एक लक्षात ठेवावे. निवासी होण्यापूर्वी भारतात मिळालेला पगार साधारणपणे येथील करात येत नाही. परंतु पती-पत्नींनी एकत्र विवरणपत्रासाठी पूर्ण वर्षाचे निवासी होणे निवडले, तर जानेवारीपासूनचा पगार दाखवावा लागतो. दोन्ही हिशेब मांडून मगच निवड करावी.

भारतातील सर्व खात्यांची मिळून शिल्लक वर्षात एकदाही १०,००० डॉलरच्या वर गेली, तर त्याची वेगळी माहिती, म्हणजे एफबार, भरावी लागते. तिचा दंड जबर आहे. २०१५ मध्ये भारत व अमेरिका यांच्यात माहिती देवाणघेवाणीचा करार झाला, तेव्हापासून तिकडच्या बँकेतले खाते इकडे कळत नाही या भ्रमात कोणी राहू नये.

"दाखवू नका, कुणाला कळत नाही," असे सांगणारे सल्लागार भेटतात. परंतु विवरणपत्रावर सही आपली असते आणि ती शपथेसारखीच असते. नागरिकत्वाच्या अर्जातही कराविषयी विचारतात. थोड्या डॉलरांसाठी मुलाबाळांचे भवितव्य पणाला लावणे शहाणपणाचे नाही. मागे काही राहून गेले असेल, तर खात्याची नोटीस येण्याआधी जाणकाराच्या मदतीने सुधारित विवरणपत्र भरावे.

पंचशीलातील चौथे शील विहारात म्हणायचे आणि एप्रिलमध्ये विसरायचे, असे होऊ नये. सम्यक आजीविका म्हणजे कष्टाने कमवावे आणि कमावले ते खरे सांगावे. आपल्यापैकी ज्यांना हे कागद समजतात, त्यांनी नवीन आलेल्या एका तरी कुटुंबाजवळ बसून ते समजावून द्यावेत. शिका, हे बाबासाहेबांचे सांगणे अशा कामातूनच पुढे जाते.

नमो बुद्धाय! जय भीम!