शेगडा बसवताना

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मंडळाच्या दुरुस्तीच्या खोलीत आता एक शेगडा बसायचा आहे. तो कोठे व कसा बसवावा, यावर चार शब्द बोलण्याची आज्ञा मला झाली आहे. हळदीकुंकू, भजन आणि पाककृती यांच्या पंक्तीत हा विषय जरा खडबडीत वाटेल. पण दामाजीपंत, कान्होपात्रा आणि चोखोबा यांच्या या मंगळवेढ्यात हाताच्या कामाला कमी लेखून कसे चालेल? चोखोबांचा अंत याच गावच्या कुसाचे बांधकाम करताना झाला, असे परंपरा सांगते.

कारखान्यातील माणसे शेगड्याला व्हाइस म्हणतात. त्याला दोन लोखंडी जबडे असतात. मागचा स्थिर, पुढचा सरकता. दांडा फिरवला की मधला जाड आट्यांचा स्क्रू पुढच्या जबड्याला मागे ओढतो आणि वस्तू घट्ट धरली जाते. ही कल्पना आपल्याला नवी नाही. विळीच्या पाटावर पाय रोवून आपण भाजी चिरतो, तेव्हा पाते हलत नाही म्हणूनच दोन्ही हात मोकळे राहतात. शेगडा लोखंडी कामासाठी तेच करतो.

त्याची गरज काय, असे कोणी विचारील. आपल्या काळ्या रानातील मालदांडी ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तिच्या खुरपणी-काढणीत बायकांचे हात किती, हे मी सांगायला नको. त्या हातांतील खुरप्याची मूठ ढिली होते, विळ्याची धार जाते. शिवणकाम करणारीचे यंत्र ऐन लग्नसराईत गंजलेल्या एका स्क्रूपायी अडते. मग पंढरपूरला किंवा सोलापूरला जाणाऱ्याची वाट पाहायची. चार दिवसांची मजुरी बुडते ती वेगळीच.

आता बसवण्याविषयी. आधी टेबल पाहावे. शेगडा कितीही चांगला असला, तरी टेबल डुगडुगत असेल तर कानस लोखंडावर चालण्याऐवजी टेबलच मागेपुढे होते. फळी बाभळीसारख्या कठीण लाकडाची, निदान दोन इंच जाड असावी आणि पाय भिंतीला किंवा जमिनीला जखडावेत. शेगडा फळीच्या मधोमध ठेवू नये, टेबलाच्या पायाच्या वर, कोपऱ्याशी ठेवावा. म्हणजे हातोड्याचा घाव पायातून जमिनीत उतरतो. मागचा स्थिर जबडा फळीच्या कडेच्या किंचित बाहेर यावा. तसे केले तरच लांब पट्टी किंवा नळी उभी धरता येते. नाही तर ती फळीला अडते.

शेगडा जागेवर ठेवून त्याच्या भोकांतून फळीवर खुणा कराव्यात आणि गिरमिटाने सरळ आरपार भोके पाडावीत. लाकडी स्क्रूवर भरवसा ठेवू नये. धक्क्यांनी ते सैल होतात. आरपार बोल्ट घालावेत, खालून रुंद वॉशर किंवा लोखंडी पट्टी द्यावी, आणि मग चाक्या आळीपाळीने थोड्या थोड्या आवळाव्यात. एकच चाकी आधी पुरी आवळली तर बैठक तिरकी होते. चार दिवस काम झाले की पाना घेऊन पुन्हा आवळावे. जात्याचा खुंटा आपण हलवूनच बळकट करतो ना, तसेच हे.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट, उंची. शेगड्यापुढे ताठ उभे राहावे, मूठ हनुवटीखाली धरावी. कोपर जबड्याच्या माथ्याला जेमतेम टेकले, तर उंची बरोबर. जबडा वर गेला तर खांदे भरून येतात, खाली गेला तर कंबर धरते. आपल्याकडील साधारण उंचीच्या बाईचे कोपर जमिनीपासून तीन फुटांच्या थोडे वर येते. उंच पुरुषाच्या मापाने बसवलेल्या शेगड्यावर तिने कानस चालवली, तर तिच्या अंगाचा जोर कानशीवर येतच नाही. नुसते दंड दुखतात. मग पाहणारे म्हणतात, “बायकांना हे काम झेपत नाही.” आणि बाईलाही ते खरे वाटते! दोष तिच्या ताकदीचा नसतो, चार-सहा इंचांचा असतो. म्हणून माझी विनंती, की माप घरच्या पुरुषांकडून मागवू नये. जिला रोज काम करायचे आहे, तिच्या कोपराचे घ्यावे. उंच भगिनींसाठी शेगड्याखाली लाकडी ठोकळा देता येईल, ठेंगणीने पायाखाली भक्कम पाट घ्यावा.

वापरतानाही थोडी पथ्ये हवीत. पदर खोचावा, बांगड्या मागे साराव्यात. दांडा हातानेच आवळावा. त्यात नळी घालून किंवा हातोड्याने ठोकून आवळू नये, ओतीव लोखंड तडकते. शिलाई यंत्राचा नाजूक भाग धरताना जबड्यांना तांब्याच्या पत्र्याची टोपी घालावी. काम संपल्यावर कीस झाडून स्क्रूला तेलाचे बोट फिरवावे.

हे काम बायकांचे नव्हे, असे ज्यांना वाटते त्यांना एकच आठवण देते. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडलच्या माळावर कारखाना उभारला. तेथून लोखंडी नांगर निघत, आणि १९३० पासून ‘स्त्री’ मासिकही त्याच वाडीतून निघू लागले. १९५० साली सुरू झालेल्या कारागीर प्रशिक्षण योजनेतील आयटीआयचे दरवाजेही मुलींना खुले आहेत. तेथेही फिटरच्या हाती आधी येते ती कानस, आणि पुढे असतो तो शेगडा.

तेव्हा भगिनींनो, पहिली चाकी आवळण्यापूर्वी टेप घेऊन एकमेकींची कोपरे मोजा.