लहान चणीच्या माणसाचा आहार-हिशेब

(रुग्णालयाच्या स्थापनादिनाच्या कार्यक्रमात प्रशासकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



प्रथेप्रमाणे मी आज आपल्यासमोर संस्थेच्या जमाखर्चाविषयी बोलावे, अशी आपली अपेक्षा असणार. ते आकडे लेखापरीक्षकांच्या सहीनिशी आपल्या हाती आहेतच. म्हणून आज एका निराळ्या हिशेबाविषयी बोलण्याची अनुमती घेतो. हा हिशेब माझ्या हातून चुकला होता. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. वैद्यकशास्त्रावर माझा अधिकार नाही. जे सांगणार आहे ते आमच्या डॉक्टरांकडून व आहारतज्ज्ञांकडून शिकलेले आहे आणि त्या शिकवणीची किंमत माझ्या पत्नीने मोजली आहे. तिच्या संमतीनेच हे बोलत आहे.

तीन वर्षांपूर्वी, वयाच्या ५४ व्या वर्षी, माझे वजन ८० किलो झाले. उंची १७३ सेंटिमीटर. आपल्या डॉक्टरांनी सांगितले, "रोजच्या आहारातून पाचशे कॅलरी कमी करा आणि चालायला लागा." आहार विभागाने सुमारे १,७०० कॅलरींचा छापील तक्ता दिला. (व्यवहारात आपण ज्याला कॅलरी म्हणतो, ती शास्त्राच्या भाषेत किलोकॅलरी होय, मीही व्यवहारातलाच शब्द वापरतो.) मी तो तक्ता निष्ठेने पाळला आणि चार महिन्यांत सात किलो उतरलो. सहकाऱ्यांनी कौतुक केले आणि मीही मनातून सुखावलो.

मग मी माझ्या पत्नीच्या मागे लागलो. तिची उंची १४७ सेंटिमीटर, म्हणजे जेमतेम चार फूट दहा इंच. वजन ६० किलो, वय ४८. मी वही घेतली, तिच्या आहारातूनही पाचशे कॅलरी वजा केल्या आणि नवा तक्ता आखला. पहिल्या महिन्यात माझ्याइतके वजन उतरले नाही. मी म्हणालो, "तू कुठेतरी चुकतेस." रात्रीच्या दोन्ही पोळ्या बंद केल्या, मग सकाळचा नाश्ताही. शेवटी तिचा दिवस आठशे कॅलरींवर आला. ती "अहो, घेरी येतेय थोडी," असे एकदा म्हणाली होती. "सवय होईल," असे मी उत्तर दिले. आपल्या घरांत सर्वांत शेवटी जेवणाऱ्या बाईला अन्न कमी पडले, तर ते कुणाच्या ध्यानात येत नाही. माझ्या तर ते ध्यानात होते आणि मी त्याची नोंद वहीत ठेवत होतो.

एकूण तीन महिन्यांत सहा किलो उतरले. त्याच सुमारास एका पहाटे ती स्वयंपाकघरात चक्कर येऊन पडली. उजव्या मनगटाचे हाड मोडले. आपल्याच अपघात विभागात तिला आणले. ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टर बाईंनी हाताची तपासणी केली, पापणी ओढून पाहिली, केस किती गळतात ते विचारले आणि मग म्हणाल्या, "या दिवसभरात खातात काय?" मी मोठ्या विश्वासाने माझी वही पुढे केली. त्यांनी ती शांतपणे चाळली आणि एकच प्रश्न विचारला, "सर, हा तक्ता कोणासाठी केला होता?"

त्या प्रश्नाचे उत्तर शोधताना मला जे समजले, ते आपल्यापुढे ठेवतो.

स्वस्थ पडून राहिलेल्या शरीरालाही हृदय, फुप्फुसे, मेंदू, यकृत आणि मूत्रपिंडे चालवण्यासाठी ऊर्जा लागते. आमच्या भाषेत हा स्थिर खर्च. तो काढण्याचे एक सर्वमान्य सूत्र अमेरिकेत १९९० साली प्रसिद्ध झाले. मिफ्लिन आणि सेंट जिओर यांच्या नावाने ते ओळखले जाते. किलोमधील वजनाला १० ने गुणावे, सेंटिमीटरमधील उंचीला ६.२५ ने गुणावे, दोहोंच्या बेरजेतून वयाची पाचपट वजा करावी. त्यानंतर पुरुषासाठी ५ मिळवावेत, स्त्रीसाठी १६१ वजा करावेत. या सूत्राने माझा स्थिर खर्च सुमारे १,६१५ येतो. पत्नीचा सुमारे १,१२०. बेताचे चालणे आणि घरकाम धरून दिवसाची एकूण गरज माझी सुमारे २,२०० आणि तिची सुमारे १,५४०.

आता पाचशेची वजाबाकी करून पाहा. माझ्या गरजेतून पाचशे गेले म्हणजे एक चतुर्थांशाहूनही कमी गेले; हाती १,७०० उरले आणि स्थिर खर्च भागला. तिच्या गरजेतून पाचशे गेले म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश गेले. उरले १,०४०, म्हणजे स्थिर खर्चाहूनही कमी. त्यावर मी आणखी अडीचशे काढून घेतले. उद्या विश्वस्तांनी ठराव केला की प्रत्येक विभागाने वर्षाला सरसकट पाच लाख वाचवावेत, तर शस्त्रक्रिया विभाग तो भार सोसेल, पण फिजिओथेरपीचा छोटा विभाग बंद पडेल. असा ठराव आला असता तर मी त्याला विरोध केला असता. घरी मात्र तोच ठराव मी स्वतः केला.

स्थिर खर्चाची रेषा ओलांडली की त्याच दिवशी काही अघटित घडते असे नाही. परंतु इतक्या थोड्या अन्नात प्रथिने, लोह, कॅल्शियम आणि जीवनसत्त्वे पुरेशी बसवणे फार अवघड असते. शरीर मग चरबीबरोबर स्नायूही मोडू लागते, म्हणजे भांडवलातून खर्च चालतो. केस गळतात, थकवा येतो, तरुण स्त्रियांची पाळी अनियमित होते. वजन फार झपाट्याने उतरले तर पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो. आठशेहून कमी कॅलरींचा आहार तर डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय घ्यायचाच नसतो; माझी वही त्या सीमेवर येऊन उभी होती.

मग सुरक्षित उद्दिष्ट कोणते? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली भारतीयांसाठी आहाराची मार्गदर्शक तत्त्वे नव्याने प्रसिद्ध केली. वजन कमी करण्याचा आहार दिवसाला हजार कॅलरींच्या खाली जाऊ नये आणि आठवड्याला अर्धा किलो घट सुरक्षित समजावी, असे त्यांत सांगितले आहे. येथे एक गैरसमज टाळला पाहिजे. हजार ही खालची मर्यादा आहे, गाठायचे ध्येय नव्हे. तसेच अर्धा किलो ही घटीची वरची मर्यादा समजावी. लहान चणीच्या माणसाने त्याच्या निम्म्या वेगावर समाधान मानावे.

आमच्या आहारतज्ज्ञांनी पत्नीसाठी नवा हिशेब मांडला, तो असा. एकूण गरजेच्या १५ ते २० टक्केच तूट ठेवायची, म्हणजे रोज २३० ते ३०० कॅलरी. त्यानुसार उद्दिष्ट ठरले १,२५० ते १,३००. एक किलो चरबीत ढोबळमानाने ७,७०० कॅलरी साठलेल्या असतात. रोजची अडीचशेची तूट धरली तर एक किलो उतरण्यास महिना लागतो. वजन घटत जाते तशी गरजही घटते, त्यामुळे पुढे वेग आणखी मंदावतो. त्यांनी पहिल्याच दिवशी बजावले, "महिन्याला एक किलो उतरले तर तुम्ही उत्तीर्ण. शेजारच्या माणसाचा काटा पाहायचा नाही." शेजारचा माणूस म्हणजे मी, हे सांगावयास नकोच.

हे सूत्रही अंदाजच देते. म्हणून दोन-तीन आठवडे खाल्लेले सर्व प्रामाणिकपणे लिहावे, वजन आठवड्यातून एकदाच, ठरावीक वेळी घ्यावे आणि मग आकडा थोडा वर-खाली करावा. आठवड्याला वजनाच्या एक टक्क्याहून अधिक घट सातत्याने होऊ लागली, घेरी आली, केस गळू लागले किंवा पाळी चुकली, तर आहार वाढवावा आणि डॉक्टरांना दाखवावे.

लहान अंदाजपत्रकात लहान चूकही मोठी ठरते. माणशी महिन्याला एक लिटर तेल लागणारे घर आपल्याला काटकसरी वाटेल. पण तेवढ्या तेलाचे रोज सुमारे २७० कॅलरी होतात, म्हणजे पत्नीची दिवसाची सगळी तूट! मूठभर, म्हणजे तीस ग्रॅम, शेंगदाण्याचे दीडशेच्या वर होतात. सपाट चमचाभर साखरेचे वीस. उपवासाच्या दिवशी साबुदाण्याच्या खिचडीत कूट आणि तूप किती पडते, ते 'एकादशी आणि दुप्पट खाशी' म्हणणाऱ्या आपल्या पूर्वजांना ठाऊकच होते. म्हणून पोळी काढून घेण्याआधी तेलाचे भांडे मोजावे. आमच्या घरी आता पळीऐवजी चमच्याने तेल पडते आणि रात्रीच्या पोळ्या पानात परत आल्या आहेत. वरण, उसळ, ताक, अंडे यांपैकी काहीतरी प्रत्येक जेवणात असते. कारण आहार कमी करताना प्रथिने कमी होऊ द्यायची नसतात. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र प्रथिनांचे प्रमाण डॉक्टरांनाच विचारावे.

काहींच्या बाबतीत तर आहारात कपातीला जागाच नसते. समजा, एक आजी आहेत. वय ६५, उंची १४२ सेंटिमीटर, वजन ५० किलो. सूत्राने त्यांचा स्थिर खर्च ९०० आणि बैठ्या दिनचर्येत एकूण गरज सुमारे १,०८० येते. हजाराची मर्यादा पाळायची तर कपातीस केवळ ऐंशी कॅलरी उरतात. अशा वेळी पानातले अन्न कमी करण्यापेक्षा झेपेल तितके चालणे आणि स्नायू बळकट राखणारे साधे व्यायाम वाढवणे हेच श्रेयस्कर. वजन उतरवणे खरोखर आवश्यक आहे काय, हाही प्रश्न डॉक्टरांना आधी विचारावा. गर्भवती, स्तनदा माता आणि वाढीच्या वयातील मुले यांनी तर स्वतः होऊन आहार घटवूच नये. मधुमेहासाठी इन्शुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी आहार कमी करण्यापूर्वी औषधाची मात्रा तपासून घ्यावी.

आता संस्थेविषयी. मनगटाचे प्लास्टर निघाल्यावर मी कार्यालयात बसून बाह्यरुग्ण विभागाचा कोरा केसपेपर पाहिला. त्यावर वजनाचा रकाना होता. उंचीचा नव्हता. आहार विभागाच्या कपाटात दोनच छापील तक्ते होते, एक पुरुषांचा आणि एक स्त्रियांचा. मी घरी जी चूक केली, तिची सोय आमच्या छापील कागदांतच झालेली होती आणि ते कागद छापण्याच्या मंजुरीवर सही माझी होती.

आपल्या विश्वस्त मंडळाने त्यानंतर केसपेपर बदलण्यास अनुमती दिली. भिंतीवर उंचीपट्टी बसली; तिच्यासाठी झालेला खर्च या अहवालात स्वतंत्र ओळ मिळण्याइतकाही नाही. आता उंची, वय आणि दिनचर्या लिहिल्याशिवाय आहाराचा तक्ता कोणालाही दिला जात नाही. प्रत्येक तक्त्याच्या शिरोभागी रुग्णाचे नाव असते आणि तळाशी एक ओळ असते: 'हा तक्ता दुसऱ्या कोणासही देऊ नये.' प्रत्येक रुग्णाशी स्वतंत्र बोलायचे तर आहारतज्ज्ञांचा वेळ अधिक लागतो आणि त्या वेळासाठी आपल्या देणग्यांचा आधार लागतो. इमारतीवर नाव कोरले जाते, तसे या वेळेवर कोरता येत नाही; तरीही आपण त्याकडे आस्थेने पाहावे, ही नम्र विनंती.

रुग्णांच्या नातेवाइकांना मात्र माझे निराळे सांगणे आहे. आपल्या घरातील लहान चणीच्या व्यक्तीला, मग ती पत्नी असो, आई असो वा सून असो, दुसऱ्याच्या मापाचा आहार लावू नका आणि दुसऱ्याच्या वेगाने तिची परीक्षा घेऊ नका. ती घेरी येते म्हणाली, तर त्याच दिवशी ऐका.

माझ्या पत्नीचे वजन आज ५३ किलो आहे. मधल्या काळात ते एकदा ५७ पर्यंत परत चढले होते आणि तेथून येथवर यावयास वर्ष लागले. थंडीच्या दिवसांत मनगट अजून दुखते. ती वही मी फाडून टाकली नाही. कार्यालयाच्या कपाटात ठेवली आहे. कोणताही सरसकट ठराव टेबलावर आला की ती मला दिसावी, एवढ्यासाठी.